संगीत-मासिक आणि वाचकांचा कौल

नवे नियतकालिक काढणाऱ्याच्या मनात एक वाचक आधीच बसलेला असतो. हा वाचक बहुधा संपादकासारखाच असतो. संपादकाला ज्या मैफली आवडल्या त्याच त्याला आवडतात, संपादकाने जे ग्रंथ वाचले ते त्यानेही वाचलेले असतात, आणि वर्गणी भरण्यास तो नेहमीच तयार असतो. पहिले दोनतीन अंक या कल्पित वाचकाच्या भरवशावर निघतात. पुढे खऱ्या वाचकाशी गाठ पडते आणि हिशेब चुकू लागतो. संगीताला वाहिलेल्या नियतकालिकाच्या बाबतीत तर हा धोका अधिक. गाणे ऐकणारे पुष्कळ असतात. परंतु गाण्याविषयी वाचणारे कोण, किती आणि कोठे राहणारे, हे ऐकणाऱ्यांच्या गर्दीवरून कळत नाही. ते कळून घेण्याचे एक शास्त्र गेल्या शतकात तयार झाले. त्याला श्रोतृ-पाहणी किंवा वाचक-पाहणी असे म्हणतात. नव्या संगीत-मासिकाच्या उभारणीत या शास्त्राचा उपयोग कोठवर होतो आणि कोठे थांबतो, हा विचार उद्बोधक आहे.

संगीतविषयक नियतकालिकांची परंपरा महाराष्ट्रीयांना नवी नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि त्या काळातच ‘संगीतामृतप्रवाह’ हे मासिक चालविले. त्यांच्या शिष्यपरंपरेने उभारलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ १९४७ साली सुरू झाले, प्राध्यापक बा. र. देवधरांसारखा गायक आणि चिकित्सक त्याच्या संपादनास लाभला. उत्तरेत हाथरसहून ‘संगीत’ हे हिंदी मासिक १९३५ पासून निघू लागले. अशा मासिकांच्या मागे एक ठरलेला वर्ग उभा असतो: संगीत-विद्यालयांतील विद्यार्थी, शिक्षक आणि परीक्षार्थी. त्यांना स्वरलिपी हवी असते, रागांची माहिती हवी असते. त्यांची नावे विद्यालयांच्या पटावर असतात, म्हणून त्यांना शोधत हिंडावे लागत नाही. परंतु जो कोणी विद्यालयाची पायरी चढला नाही, ज्याचे सारे संगीतशिक्षण कानावाटे झाले, त्या सामान्य रसिकासाठी मासिक काढावयाचे म्हटले, की हा आयता पट हाती नसतो. पाहणीची गरज भासते ती येथे.

श्रोत्यांना न विचारता आखलेल्या धोरणाचे काय होते, याचे एक बोलके उदाहरण भारतीय नभोवाणीच्या इतिहासात आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मराठी भाषक, स्वतः ध्रुपद-गायनाचे शिक्षण घेतलेले आणि अभिजात संगीताविषयी अत्यंत कळकळीचे गृहस्थ होते. आकाशवाणीवरील चित्रपट-संगीताला त्यांनी कठोर मर्यादा घातल्या; चित्रपट-निर्मात्यांशी वाद वाढला आणि ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम (१९५२) आणि आकाशवाणी संगीत संमेलन (१९५४) सुरू झाले. या उपक्रमांनी अनेक थोर कलावंत घराघरांत पोचविले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु चित्रपट-गीतांचा श्रोता गप्प बसून राहिला नाही. त्याने रेडिओचा काटा फिरविला आणि तो सिलोनवर नेऊन ठेवला. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाला हजारोंनी पत्रे जाऊ लागली. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ ही स्वतंत्र सेवा सुरू करावी लागली. हेतू उदात्त असला, तरी समोरच्या माणसाच्या आवडीची, सवयीची आणि त्याला उपलब्ध असलेल्या दुसऱ्या वाटेची माहिती नसेल, तर तो हेतू एकटाच पडतो, असा या प्रकरणाचा बोध आहे.

तथापि ‘गीतमाले’कडे गेलेल्या पत्रांचे ढीग म्हणजे पाहणी नव्हे. पत्र लिहिणारा माणूस हा उत्साही माणूस असतो. त्याच्याजवळ वेळ असतो, लिहिता येत असते, आपले नाव ऐकण्याची हौस असते. न लिहिणाऱ्या शंभरांच्या मनात काय आहे, याची साक्ष तो देऊ शकत नाही. आजच्या काळात एखादे गाणे मोबाइलवर किती लाख वेळा वाजले, हा आकडाही त्याच जातीचा आहे. यंत्र किती वेळा चालले ते त्यावरून कळते. ऐकणारे किती, ते कोण, आणि त्यांतले कितीजण त्या गाण्याविषयी दोन पाने वाचावयास बसतील, हे त्यावरून कळत नाही.

केवळ संख्या मोठी म्हणून निष्कर्ष खरा, हा भ्रम किती महागात पडतो हे अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ साली अनुभवले. अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज बांधण्यासाठी त्याने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत त्याने केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. मतपत्रिका प्रामुख्याने टेलिफोनधारकांच्या आणि मोटार-मालकांच्या याद्यांवरून गेल्या होत्या, आणि मंदीच्या त्या दिवसांत या वस्तू खात्यापित्या घरांतच असत. शिवाय ज्यांनी उत्तरे धाडली ते न धाडणाऱ्यांहून निराळ्या मताचे होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी थोड्या, पण काळजीपूर्वक निवडलेल्या लोकांना विचारून योग्य भाकीत केले. ‘लिटररी डायजेस्ट’ १९३८ मध्ये बंद पडले. नियतकालिक चालविणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशीच ही हकीकत आहे.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण मराठी घरांत रोज वापरली जाते. नमुना-पाहणीचे सारे तत्त्व तीत सामावले आहे. फक्त तिच्या दोन अटी बहुधा विसरल्या जातात. पहिली अट अशी, की भात सर्वत्र सारखा शिजलेला असावा, किंवा शीत घेण्यापूर्वी तो ढवळलेला असावा. दुसरी अट अशी, की शीत पाहणाऱ्याच्या सोयीने, म्हणजे वरवरचे, उचललेले नसावे. पाहणीत ‘ढवळणे’ याचा अर्थ असा, की ज्या समूहाविषयी जाणून घ्यावयाचे त्यातील प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरावीक संधी मिळाली पाहिजे. मैफलीच्या दाराशी उभे राहून शंभर जणांना विचारले, तर मैफलीला येणाऱ्यांचेच मत कळेल. आणि मासिकाची खरी गरज कदाचित जे मैफलीला येऊ शकत नाहीत त्यांनाच असेल.

महाराष्ट्रात या पद्धतीची बीजे लवकर रुजली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७ साली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी नमुना-पद्धतीने केली. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि निवडक कुटुंबांवरून साऱ्या देशाच्या राहणीचा अंदाज बांधण्याची शिस्त देशाला लागली. नियतकालिकांच्या क्षेत्रात खपाची तपासणी करणारी संस्था १९४८ पासून काम करू लागली, आणि वाचकांची राष्ट्रीय पाहणी १९७० पासून होऊ लागली. खप आणि वाचक या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या पाहण्यांनी दाखवून दिले. वाचनालयातील एक अंक कितीतरी हातांत फिरतो, तर वर्गणीदाराच्या घरी आलेल्या एखाद्या अंकाचे वेष्टनही निघत नाही.

नमुना किती मोठा असावा, याविषयी सामान्य माणसाची समजूत बहुधा चुकीची असते. लोकसंख्या मोठी तर नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा, असे त्याला वाटते. वस्तुतः, समूह पुरेसा मोठा असला की, अंदाजाचा नेमकेपणा मुख्यतः नमुन्याच्या आकारावर अवलंबून असतो. यदृच्छेने निवडलेल्या चारशे व्यक्तींपैकी निम्म्या व्यक्तींनी एखाद्या प्रश्नाला होकार दिला, तर खरे प्रमाण सामान्यतः पाच टक्के इकडे किंवा तिकडे असते. ही चूक अडीच टक्क्यांवर आणावयाची, तर आठशे माणसे पुरत नाहीत, सोळाशे लागतात. नेमकेपणा दुप्पट करण्यास खर्च चौपट, असा हा रोकडा हिशेब आहे. तेव्हा थोड्या भांडवलाच्या मासिकाने आठ-दहा हजार माणसांच्या मागे न लागता पाचसहाशे माणसे नीट निवडावीत, आणि घरी न सापडलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा जाण्यावर पैसा खर्च करावा, हे शहाणपणाचे.

मराठी मासिकाला मात्र एक अडचण विशेष जाणवते. मराठी वाचक एका प्रांतात मावणारा नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा कोल्हापुरात दर दहावे घर घेत गेले, तर जवळजवळ प्रत्येक दारी मराठी बोलणारे कोणी तरी भेटेल. हीच रीत चंदीगढच्या तीस क्रमांकाच्या सेक्टरात चालवून पाहावी. पाहणीच्या दृष्टीने चंदीगढसारखे सोयीचे शहर विरळाच. ल कॉर्ब्यूझिए यांच्या आराखड्यातील प्रमाणभूत सेक्टर सुमारे बाराशे मीटर लांब आणि आठशे मीटर रुंद. शहराचा पहिला टप्पा एक ते तीस क्रमांकांचा, आणि त्यातून तेराचा अंक वगळलेला. सरकारी घरांच्या प्रती मंत्र्यांपासून शिपायांपर्यंत ठरवून दिलेल्या. त्यामुळे घरांची यादी करणे, त्यांची प्रतवारी लावणे आणि ठरावीक अंतराने घरे निवडणे येथे अगदी सुलभ आहे. परंतु इतके करूनही मराठी कुटुंब हाती लागेलच असे नाही. या सेक्टरात केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. ती १९५९ साली स्थापन झाली आणि १९६२ मध्ये चंदीगढला आली. अशा राष्ट्रीय संस्थांत नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येऊन राहतात. एखादे मराठी घरही त्यांत असू शकते. ते शोधण्यासाठी शेकडो दारे ठोठावणे परवडणारे नाही.

अशा विरळ विखुरलेल्या वाचकांसाठी पाहणीशास्त्राने दोन उपाय सांगितले आहेत. एक, आयत्या याद्यांचा आधार घेणे: महाराष्ट्र मंडळांचे सभासद, गणेशोत्सवाचे वर्गणीदार, मराठी नियतकालिकांचे टपालाने अंक मागविणारे. दुसरा, सापडलेल्या एका कुटुंबाकडून ओळखीच्या दुसऱ्या कुटुंबाचा पत्ता घेत जाणे. दोन्ही उपायांत दोष आहे. जो कोणाच्याही यादीत नाही आणि ज्याची कोणाशी ओळख नाही, तो सुटतो. पण हा दोष माहीत असला की निष्कर्षाला योग्य ती पुरवणी जोडता येते. याहून महत्त्वाची बाब अशी, की संख्येच्या प्रमाणातच नमुना घेतला, तर पाचशे माणसांत बृहन्महाराष्ट्रातली मोजकीच येतील, आणि तेवढ्यांवरून काहीच सांगता येणार नाही. म्हणून त्यांच्यातून मुद्दाम अधिक माणसे निवडावयाची आणि एकूण गोळाबेरीज करताना त्यांच्या उत्तरांना त्या मानाने कमी वजन द्यावयाचे, अशी रीत आहे. पुण्या-मुंबईच्या रसिकाला सभागृह जवळ असते, गुरुजन जवळ असतात, ग्रंथालयही जवळ असते. चंदीगढ, जबलपूर किंवा कोलकाता येथील मराठी घराला दरमहा टपालाने येणारा अंक या सर्वांच्या ठिकाणी असू शकतो. सरासरीच्या आकड्यात त्याचा आवाज बुडून गेला, तर मासिक आपल्या सर्वांत निष्ठावान वाचकाला मुकेल.

नमुना उत्तम निवडला तरी प्रश्न वाईट असतील तर सारे श्रम वाया जातात. ‘आपणास शास्त्रीय संगीत आवडते का?’ असा प्रश्न सुशिक्षित घरात विचारला, की बहुतेक होकारच मिळतो. नकार देणे कमीपणाचे वाटते. शिवाय दारी आलेल्या माणसाचे मन मोडू नये, ही आपल्याकडील रीत. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात आपण कोणकोणती गाणी ऐकली, कोठे आणि कोणत्या वेळी?’ असे विचारले तर उत्तरात सत्याचा अंश वाढतो. ‘मासिक निघाल्यास घ्याल का?’ हाही असाच निरुपयोगी प्रश्न. मनातला होकार आणि मनीऑर्डर यांत पुष्कळ अंतर असते. ‘गेल्या वर्षी कोणत्या नियतकालिकाची वर्गणी स्वतः भरली?’ हा प्रश्न अधिक खरे सांगतो. शब्दांचीही फसगत होते. एकाच्या मते नाट्यपद हे शास्त्रीय संगीत, दुसऱ्याच्या मते ते सुगम. अभंग एकाला भक्ती वाटते, तर दुसऱ्याला गायकी. म्हणून प्रकारांची नावे न विचारता काही ध्वनिमुद्रिकांचे तुकडे ऐकवून विचारणे बरे. आणि उत्तर कोण देतो हेही पाहिले पाहिजे. घरातील कर्त्या पुरुषाने दिलेले उत्तर पुष्कळदा साऱ्या घराचे म्हणून नोंदले जाते; दुपारी कामे आटोपून रेडिओ ऐकणाऱ्या गृहिणीला कोणी विचारीतच नाही.

केवळ विचारण्यापेक्षा करून पाहणे अधिक खात्रीचे. याचा धडाही महाराष्ट्रातच घेतला गेला. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकावयाचा, नंतर त्यावर चर्चा करावयाची आणि प्रश्न केंद्राकडे धाडावयाचे, असा तो प्रयोग होता. त्याचे मूल्यमापन पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने केले. त्यांनी मंडळे असलेली खेडी तेवढी पाहिली नाहीत. रेडिओ असून मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली खेडीही तुलनेसाठी घेतली, आणि प्रयोगाच्या आधी व नंतर अशा दोन वेळा लोकांना प्रश्न विचारले. मंडळांच्या खेड्यांत लोकांच्या माहितीत झालेली वाढ इतरत्र दिसली नाही, म्हणून ती प्रयोगामुळे झाली असे ठामपणे म्हणता आले. संगीत-मासिकालाही हीच रीत लागू पडते. नमुन्याचे दोन निरनिराळे अंक छापावेत. एकात स्वरलिपी आणि रागविवेचन अधिक, दुसऱ्यात कलावंतांची चरित्रे आणि ध्वनिमुद्रिकांची परीक्षणे अधिक. दोन सारख्या गावांत ते विक्रीस ठेवावेत, आणि महिन्याने जाऊन काय वाचले गेले, काय तसेच राहिले, ते पाहावे.

रसिकाला छापील मजकूर कशासाठी हवा असतो, याचे उत्तर कधी कधी पाहणीवाचूनही मिळते. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ प्रक्षेपित झाले. त्याची ५६ गीते एकामागून एक ऐकताना श्रोत्यांना शब्द हाती असावेत असे वाटू लागले, आणि पुण्याची दैनिके ती गीते छापू लागली. कानाने ऐकलेले डोळ्यांनी पुन्हा पाहावे, समजून घ्यावे, जपून ठेवावे, ही ती भूक होती. गीताचे शुद्ध शब्द, चालीची घडण, रागाची ओळख, कलावंताची परंपरा आणि पुढे काय ऐकावे याचे मार्गदर्शन, या पाच गोष्टींची मागणी किती व कोणत्या वर्गात आहे हे पाहणीने नक्की केले, की अंकाच्या पानांची वाटणी बरीचशी आपोआप होते.

येथवर पाहणीची बाजू झाली. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. न्यूराथ ज्या परंपरेत तयार झाले तिचे एक प्रवर्तक पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९३७ पासून अमेरिकेत रेडिओ-संशोधनाचा मोठा प्रकल्प चालविला. श्रोत्याने कार्यक्रम ऐकता ऐकता आवडीचे किंवा नावडीचे बटण दाबावे, असे एक यंत्रही त्यांनी व फ्रँक स्टँटन यांनी तयार केले. या प्रकल्पाच्या संगीत-विभागात १९३८ साली थिओडोर आडोर्नो हे तत्त्वज्ञ दाखल झाले आणि त्यांचे या पद्धतीशी जमले नाही. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा, की जे वारंवार कानावर पडते तेच माणसाला आवडू लागते. तेव्हा त्याची आवड मोजणे म्हणजे कार्यक्रम वाजविणाऱ्यांनी घातलेली सवयच मोजणे होय. हा आक्षेप पूर्णतः मान्य केला नाही, तरी त्यातील सत्यांश टाळता येत नाही. जो राग कधी ऐकलाच नाही, त्याची मागणी कोण करील? ब्रिटिश नभोवाणीने १९३६ पासून श्रोत्यांची पद्धतशीर पाहणी केली, आणि तरीही १९४६ मध्ये मूठभर श्रोत्यांसाठी ‘थर्ड प्रोग्रॅम’ ही उच्च अभिरुचीची सेवा सुरू केली. मोजणे आणि ठरविणे ही दोन निराळी कामे आहेत, याची जाण त्यात होती.

केसकरांच्या धोरणाला श्रोत्याची माहिती हवी होती. पण श्रोत्याच्या मागे मागे चालणे हा त्यावरील उपाय नव्हे. नव्या संगीत-मासिकाने पाहणीला विचारावे ते असे: वाचक कोठे आहे, त्याला किती कळते, कोणत्या शब्दाशी तो अडखळतो, वर्गणी किती झेपते, अंक त्याच्यापर्यंत पोचतो कसा. कशाविषयी लिहावे, कोणत्या विस्मृत गायकाचे ऋण फेडावे, कोणते कठीण प्रकरण सोपे करून सांगावे, हा निर्णय मात्र संपादकाचाच राहील. वाचक जेथे उभा आहे ते ठिकाण पाहणीने अचूक कळते. तेथून त्याला कोठे न्यावयाचे, हे त्याच्याशी असलेल्या जिव्हाळ्यातून आणि विद्येच्या निष्ठेतून ठरते. ठिकाण ठाऊक नसताना वाट दाखवू पाहणारा एकटाच पुढे जातो, आणि ठिकाण ठाऊक असून वाट न दाखविणारा वाचकासह जागच्या जागी राहतो. या दोहोंतून सुटणारे मासिक पुण्यात वाचले जाईल, तसेच ते चंदीगढच्या एखाद्या एकाकी मराठी घरातही दर महिन्याला टपालवाल्याची वाट पाहावयास लावील.